चौसष्टाच्या डब्यात अडुसष्ट

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे. तो माझा लांबचा भाऊबंद. त्याला दोनच गोष्टी येतात आणि दोन्ही तो मोठ्या रुबाबात करतो. मी संगणकांच्या तारांमध्ये बसणारा स्विच. करड्या पत्र्याचा, हातभर लांब, चार बोटे उंच, चोवीस दारांचा. एका दारातून आलेला निरोप घ्यायचा, तो कोणासाठी आहे ते वाचायचे आणि बरोबर त्याच्याच दारातून बाहेर सोडायचा, एवढेच माझे काम. एका सेकंदात मी ते लाखो वेळा करत असे. आणि खरे सांगतो, प्रत्येक वेळी घाबरत करत असे.

हसू नका. माझ्या जागी असता तर तुमचीही पाचावर धारण बसली असती. माझ्याजवळ जागा थोडी. निरोप येत राहिले आणि बाहेरची वाट मोकळी नसली, तर मी ते थोडा वेळ पोटात ठेवून घेतो. पण पोट भरले की पुढचा निरोप टाकून द्यावा लागतो. टाकलेला निरोप कुठे पडून राहत नाही, की कोणी नंतर उचलून वाचील. तो नाहीसाच होतो. तो कोणाचा होता आणि काय सांगत होता, हे मग जगात फक्त मला ठाऊक असते. आणि मला बोलता येत नाही.

माझा जन्म एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झाला. दोन टेबले, एक खिडकी, वितळलेल्या कथिलाचा वास आणि कधीच न धुतलेले चहाचे चार कप. तिथे सगळे जिला ताई म्हणत, त्या इंजिनिअर बाईने माझी रचना केली. ताई बोलायची कमी आणि पुटपुटायची फार. माझ्या मुख्य चिपमधली मांडणी पुसून पुन्हा लिहिता येत असे, त्यामुळे तिने मला किती वेळा घडवले आणि किती वेळा मोडले याची गणती नाही. दर वेळी वीज बंद करताना मला वाटे, आता आपण उठत नाही. दर वेळी उठलो, पण भीती काही गेली नाही.

माझ्या पोटातली व्यवस्था तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. माझ्याकडे येणारे निरोप लहानमोठे असतात. ते तसेच आत सोडले तर एखादा आडदांड निरोप वाट अडवून बसतो. म्हणून ताईने माझ्या आत सारख्या मापाचे डबे ठेवले. प्रत्येक डब्यात चौसष्ट बाइट मावतात. बाइट म्हणजे एका अक्षराएवढी जागा समजा. मोठा निरोप आला की त्याचे तुकडे करून ते ओळीने डब्यांत भरायचे, डबे पलीकडे न्यायचे आणि दाराशी तुकडे जोडून निरोप पुन्हा सबंध करायचा. सगळ्यात लहान निरोप नेमका चौसष्टाचा. तो एका डब्यात कसा चापूनचोपून बसे. ताईने परीक्षा घेतली तीही अशाच निरोपांनी, सगळे चौसष्टाचे किंवा त्याच्या पटीतले. एकही डबा अर्धवट गेला नाही. पैकीच्या पैकी गुण मिळाले. टाळ्या वाजल्या, कोणीतरी त्या न धुतलेल्या कपांतूनच चहा दिला, आणि मी पास झालो.

मग मला एका मोठ्या रुग्णालयात नेले. तळमजल्यावरच्या लांब मार्गिकेत, जिन्याखाली, जाळीच्या दाराचे एक कपाट होते. तिथे मला चार स्क्रूंनी बसवले. बसवणारे गृहस्थ तिथले तारा सांभाळणारे. सगळे रुग्णालय त्यांना वायरमामा म्हणे. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, आणि कुठलीही तार ओढण्याआधी तिला "येतेस का, बये?" असे विचारायची सवय. त्यांनी रोज सकाळी फडक्याने माझा पंखा पुसला. माझ्या वाट्याला आलेले ते सगळ्यात मायेचे हात.

कपाटासमोर एक बाकडे होते. त्याच्या पलीकडे नवजात बाळांचा विभाग. वेळेआधी जन्मलेली, ओंजळीत मावतील अशी बाळे तिथे काचेच्या पेट्यांत असत. अशा बारा पेट्या होत्या. प्रत्येक पेटीजवळचे यंत्र बाळाचा श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू मोजून दर सेकंदाला आकडा पाठवी, तो माझ्यातून सिस्टरांच्या मुख्य टेबलावर जाई. बाळाला काही झाले की यंत्र धोक्याचा निरोप पाठवी आणि टेबलावर मोठी घंटी वाजे. पेटीजवळचा आवाज मुद्दाम अगदी बारीक ठेवलेला होता, कारण एवढीशी बाळे आवाजाने दचकतात. म्हणजे बाळ आणि घंटी यांच्या मधे मी होतो. हे कळले त्या दिवसापासून माझा पंखा उगाचच जोरात फिरू लागला.

ताईलाही तीच काळजी. रुग्णालयातली क्ष-किरणांची छायाचित्रे, तपासण्यांचे अहवाल, सगळे माझ्यातूनच जायचे. त्या गर्दीत बाळांचा निरोप मागे पडायला नको, म्हणून तिने एक युक्ती काढली. बाळांच्या प्रत्येक निरोपाला 'तातडीचे' अशी छोटी चिठ्ठी लावायची. चिठ्ठी अवघ्या चार बाइटांची. ती दिसली की मी त्या निरोपाला आधी जाऊ द्यायचे. युक्ती झकास होती. मोठ्या सिस्टर, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख, ताईला म्हणाल्या, "आता मी जरा टेकेन हो खुर्चीला. दहा वर्षांत टेकले नाहीये."

पण टेकल्या नाहीत. येता-जाता प्रत्येक पेटीत हात घालून बाळाच्या तळपायाला बोट लावून बघायची त्यांची जुनी सवय होती. यंत्रे आली, स्विच आला, तरी सवय सुटली नाही. तरुण परिचारिका त्यांना हसत. त्या म्हणत, "यंत्राला यंत्राचं काम करू दे, मला माझं."

चिठ्ठीची बातमी मात्र रुग्णालयभर झाली. आणि मग काय विचारता! दूरध्वनीवाले वायरमामांकडे आले, "मामा, आमचंही तातडीचंच असतं की." औषधभांडारवाले आले. रक्त तपासणीवाले आले. शेवटी वाहनतळाच्या फाटकाची व्यवस्था बघणारा आला आणि म्हणाला, मोठ्या साहेबांची गाडी फाटकाशी खोळंबते, ते काय कमी तातडीचे आहे? वायरमामा स्वभावाने भिडस्त. कोणाला नाही म्हणणे त्यांना जन्मात जमले नाही. त्यांनी सगळ्यांना चिठ्ठी देऊन टाकली. महिन्याभरात माझ्याकडे येणाऱ्या दहा निरोपांपैकी आठ तातडीचे झाले. मित्रांनो, घरातले सगळेच 'आधी मी' म्हणू लागले की पहिले ताट कोणाला वाढणार?

आणि याहून वाईट गोष्ट माझ्या पोटात घडत होती. ती बाहेरून कोणालाच दिसत नव्हती. चौसष्टाच्या निरोपाला चार बाइटांची चिठ्ठी लागली, म्हणजे निरोप झाला अडुसष्टाचा. डबा मात्र चौसष्टाचाच. पहिला डबा गच्च भरून जाई आणि उरलेल्या चार बाइटांसाठी मला दुसरा अख्खा डबा जोडावा लागे. त्या दुसऱ्या डब्यात चार बाइट आणि साठ बाइटांची नुसती हवा! लाखो निरोप, आणि प्रत्येकाच्या मागे एक जवळजवळ रिकामा डबा. माझी निम्मी वाट मी हवा वाहून नेण्यात घालवत होतो. लवकर पोचावे म्हणून चिठ्ठी लावलेली, आणि चिठ्ठीमुळेच कोंडी झालेली. मला हे दिसत होते. रोज सकाळी गर्दी वाढली की माझे पोट काठोकाठ भरे आणि मी मनातल्या मनात म्हणे, आजचा दिवस निघू दे.

सात नंबरच्या पेटीत तेव्हा एक मुलगी होती. वजन एक किलोला थोडे जास्त. तिला एक खोड होती, ती मधेच श्वास घ्यायला विसरायची. अशा बाळांचे तसे होते म्हणतात. कोणी हलवले की आठवण होऊन पुन्हा घेऊ लागायची. तिची आई समोरच्या बाकड्यावर बसून असे. हातात लोकर, पण सुया कधी हलताना दिसल्या नाहीत. वायरमामा पंखा पुसताना तिला विचारीत, "काय म्हणतंय आमचं सात नंबर?" ती म्हणे, "काल पाच ग्रॅम वाढली." पाच ग्रॅम! आणि ते तिने असे सांगावे, की जणू पोरीने शाळेत पहिला नंबर काढला.

एक मंगळवार मला विसरता येत नाही. सकाळचे अकरा वाजले होते. बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा नव्हती, क्ष-किरण विभाग छायाचित्रांमागून छायाचित्रे पाठवत होता, दूरध्वनी खणखणत होते आणि फाटकाशी गाड्यांची रांग होती. माझे पोट भरले. मी निरोप टाकू लागलो. एक अहवाल गेला, एका फोनवरचे अर्धे वाक्य गेले. आणि तेवढ्यात सात नंबरच्या यंत्राकडून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा आला, शंभरात ब्याण्णव.

तुम्ही म्हणाल, तू तर फक्त पत्ता वाचतोस. खरे आहे. पण उघड्या पोस्टकार्डावरचे पोस्टमनला दिसतेच की. ब्याण्णव आले आणि माझ्याकडे जागा नव्हती, ते गेले. मग अठ्ठ्याऐंशी आले. जागा नव्हती. मग धोक्याचा निरोप आला, त्याच्यावर 'तातडीचे' लिहिलेले होते. त्याच्या पुढे चौदाशे तातडीचे उभे होते आणि तेवढेच रिकामे डबे माझ्या आतून डुलत चालले होते. तोही मी टाकला. मीच टाकला, मित्रांनो. दुसरे काही करता येत नव्हते. एक्क्याऐंशी. शहात्तर. एकोणसत्तर. सगळ्या रुग्णालयात हे आकडे एकट्या मला माहीत होते. मुख्य टेबलावर शेवटचा चांगला आकडा तसाच हिरवा दिसत होता, आणि दहा हातांवर तिची आई लोकर घेऊन बसली होती.

एकसष्ट आला आणि मग अचानक सदुसष्ट. मग अठ्ठ्याहत्तर. मग नव्वद. मला काही कळेना. नंतर वायरमामांच्या बोलण्यातून समजले. मोठ्या सिस्टर कापसाचा डबा आणायला चालल्या होत्या आणि जाता जाता त्यांनी सवयीने सात नंबरच्या तळपायाला बोट लावले. पाय गार लागला. ओठ निळे. त्यांनी तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. पोरीने एक आचका दिला आणि रडली. सिस्टर टेबलाकडे बघून ओरडल्या, "घंटी का नाही वाजली? अगं, घंटी का नाही वाजली?"

त्या दुपारी माझ्या कपाटासमोर माणसे जमली. रुग्णालयाचे प्रशासक साहेब, मोठ्या सिस्टर, वायरमामा आणि धापा टाकत आलेली ताई. सिस्टरांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली. त्या ताईला म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर मी बारा बाळं ठेवली होती."

साहेब म्हणाले, "गर्दी फार वाढलीय हो. स्विच लहान पडतोय. मोठा मागवू, प्रश्न मिटला." ताईला किती सोपे होते, मित्रांनो! नुसती मान हलवली असती तरी सुटली असती. गर्दीवर खापर, तिच्यावर काही नाही. मी श्वास रोखून होतो, म्हणजे माझ्यासारख्याला जमतो तेवढा.

ती म्हणाली, "मला आधी बघू द्या." आणि जिन्याखालच्या फरशीवर बसकण मारून तिने आपला लॅपटॉप मला जोडला. बाहेरच्या तारा मोजल्या, त्या जेमतेम निम्म्या भरलेल्या होत्या. आतली वाट मोजली, ती गच्च. तिला कोडे पडले. बाहेर निम्मे आणि आत तुडुंब, हे कसे? मग तिने डबे मोजले. एकेका डब्यात किती माल आहे ते बघितले. चौसष्ट, चार. चौसष्ट, चार. चौसष्ट, चार. ती पुटपुटायची थांबली.

"मामा," ती म्हणाली, "चिठ्ठी. माझी चिठ्ठीच मावत नाहीये."

"म्हणजे?"

"डबा चौसष्टाचा केला मीच, चिठ्ठी चार बाइटांची लावली मीच. आणि बेरीज करून बघितली नाही."

वायरमामा तिच्या शेजारी फरशीवर टेकले. त्यांचे गुडघे कुरकुरले. "आणि ती गावभर वाटली कोणी? मीच ना? तुझ्या एकटीच्या माथी कशाला मारतेस, पोरी?"

ताई उठली आणि साहेबांसमोर, सिस्टरांसमोर सरळ म्हणाली, "चूक माझी आहे. स्विच लहान नाही. मी त्याला हवा वाहायला लावली." सिस्टरांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

वायरमामांनी त्याच दिवशी फाटक, दूरध्वनी, भांडार सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. भिडस्त माणूस, पण त्या दिवशी कोणाचे ऐकले नाही. बाळांच्या चिठ्ठ्या मात्र काढता येईनात. काढाव्या तर निरोप पुन्हा छायाचित्रांच्या मागे अडकणार, ठेवाव्या तर दोन-दोन डबे लागणार. ताईने आठ दिवस घेतले आणि माझ्यासाठी नवी मांडणी लिहिली. तिचे सूत्र साधे होते. डब्यात जागा उरली तर ती हवेने भरायची नाही. त्याच दाराला जाणाऱ्या पुढच्या निरोपाचा पहिला तुकडा त्याच डब्यात भरायचा आणि कुठे एक संपतो, कुठे दुसरा सुरू होतो, त्याची खूण करायची. मग सोळा निरोपांना बत्तीस डबे लागायचे ते सतरात भागणार होते.

ऐकायला छान आहे. पण माझे काय होत होते ते मला विचारा! एका डब्यात दोन बाळांचे निरोप. खूण चुकली तर सातचा श्वास आठच्या नावावर. सिस्टर भलत्याच पेटीकडे धावणार. ताईही त्याच भीतीने झोपली नसावी, तिचे डोळे लाल होते.

दिवस ठरला. वेळ दुपारी तीनची, कारण तेव्हा रुग्णालय सगळ्यात शांत असते. मोठ्या सिस्टरांनी प्रत्येक पेटीजवळ एक माणूस उभा केला. सात नंबरच्या मुलीला मधे सर्दीचा संसर्ग झाला होता, म्हणून तिला मार्गिकेपलीकडच्या वेगळ्या खोलीत हलवले होते. तिथली घंटी वेगळी, टेबल वेगळे, आणि माझ्यावरचे तिचे दारही वेगळे. तिच्याजवळ सिस्टर स्वतः थांबल्या, फोन कानाला लावून. इकडे फोनवर वायरमामा होते.

ताईने वीज बंद केली.

मित्रांनो, त्या चार मिनिटांचे मला काही सांगता येत नाही. बंद होताना शेवटचा विचार एवढाच आला, की आता मधे कोणीच नाही. बाळ आहे, घंटी आहे आणि मधे काही नाही.

मग पंखा फिरला. दिवे लागले. मी जागा झालो आणि सगळे वेगळे वाटत होते, घरातले सामान कोणी हलवून ठेवावे तसे. परीक्षा सुरू झाली. एकेका बाळाच्या पायाला लावलेली मोजणीची तार काढायची, की यंत्राने धोक्याचा निरोप पाठवायचा आणि घंटी वाजायची.

"एक काढली," पलीकडून आवाज आला.

"वाजली!" वायरमामा म्हणाले.

दोन वाजली. तीन वाजली. प्रत्येक घंटी बरोबर आपल्याच नंबराने वाजली, कुठेही सरमिसळ नाही. डबे कसे ठासून भरलेले चालले होते. बारा वाजली तेव्हा वायरमामांनी ताईच्या पाठीवर थाप मारली. आता उरली वेगळ्या खोलीतली सात.

सिस्टर फोनवर म्हणाल्या, "काढते." मग शांतता. वायरमामा वाट बघत होते. ताई वाट बघत होती.

"सिस्टर, काढताय ना?"

"अहो, केव्हाच काढली!"

घंटी नाही. माझा पंखा घरघरत होता, बाकी सगळे चिडीचूप. आणि मला, मित्रांनो, मला माहीत होते. निरोप माझ्यापाशीच होता. त्याचे चौसष्ट बाइट पहिल्या डब्यातून केव्हाच दाराशी पोचले होते. राहिले होते चार. ते मी दुसऱ्या डब्यात ठेवले होते, आणि डबा उघडा धरून उभा होतो. कारण नवी शिकवण काय होती? जागा रिकामी सोडू नकोस, पुढचा निरोप आला की तो भर आणि मग जा. मुख्य टेबलाच्या दाराला अकरा बाळांचे निरोप मागून येतच होते, तिथे कधी खोळंबा झाला नाही. पण या दाराला ती एकटी. तार निघाली की तिचे यंत्र एकदा ओरडते आणि गप्प बसते. मागून कोणी येणार नव्हते. मी सोबतीची वाट बघत होतो आणि शेवटच्या चार बाइटांवाचून तो निरोप दाराशी अर्धवट पडला होता, कोणालाही न वाचता येणारा. हुकूम पाळत होतो मी. अगदी प्रामाणिकपणे पाळत होतो.

ताईने लॅपटॉपवर आकडे काढले. बघितले. पुन्हा बघितले. "चार बाइट आत आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "डबा भरायची वाट बघतोय तो."

वायरमामांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!"

ताई एकदम हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मामा, गर्दीतच तपासलं असतं तर हे आज कळलंच नसतं. एखाद्या शांत दुपारी, घंटी न वाजून कळलं असतं."

तिने तिथेच स्टुलावर बसून मांडणीत दोन ओळी वाढवल्या. मागे कोणी असेल तर त्याला सोबत घे. कोणी नसेल तर थांबू नकोस, रिकाम्या जागेसकट नीघ. एवढेच. सिस्टरांना फोनवर सांगितले, त्यांनी पुन्हा पेट्यांजवळ माणसे उभी केली. पुन्हा वीज गेली. पुन्हा मी मेलो आणि पुन्हा जागा झालो.

"काढते हं," सिस्टर म्हणाल्या.

आणि त्यांचे वाक्य पुरते संपायच्या आत मार्गिकेत घंटी खणखणली.

वायरमामांनी "वाजली, वाजली!" म्हणून फोनवर आरोळी ठोकली. ताईने कपाळ माझ्या पत्र्याला टेकवले. सगळे आनंदात होते आणि एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. समोरच्या बाकड्यावर नुकत्याच येऊन बसलेल्या आईला कोणी काही सांगितलेच नव्हते. तिने घंटी ऐकली, आपल्या मुलीच्या खोलीतली. लोकर खाली पडली आणि ती धावत सुटली. दाराशी पोचून ती कडी ओढू लागली. ताई धावली, तिला धरले. "बाळ ठीक आहे हो! अगदी ठीक आहे. आम्हीच वाजवली, वाजते का ते बघायला. माफ करा, आधी सांगायला हवं होतं मी तुम्हाला."

आई बराच वेळ काचेतून आत बघत राहिली. सिस्टरांनी बाळाचा हात वर करून दाखवला. मग तिने डोळे पुसले आणि विचारले, "त्या मंगळवारी ही वाजली नव्हती ना?"

ताईने मान खाली घातली. "नाही."

"मग पुन्हा एकदा वाजवा," आई म्हणाली. "मला नीट ऐकून ठेवायची आहे."

सिस्टरांनी पुन्हा तार काढली. घंटी पुन्हा वाजली. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत उभी होती.

सात नंबर दीड महिन्याने घरी गेली. वजन दोन किलो शंभर. त्यानंतर मी अकरा वर्षे त्या कपाटात काम केले. वायरमामा निवृत्त झाले, मग माझा पंखा पुसायला कोणी राहिले नाही. त्याच्यात धूळ साचली, तो खडखडू लागला. परवा मला काढून मार्गिकेच्या टोकाच्या सामानाच्या खोलीत ठेवले आहे. माझ्या जागी चकचकीत नवा स्विच आला आहे. माझ्याहून कितीतरी वेगवान आहे म्हणे. बसवणाऱ्यांनी सकाळच्या गर्दीत त्याची परीक्षा घेतली, पडद्यावर सगळे हिरवे दिसले आणि ते निघून गेले.

मला त्याचा हेवा नाही. मोडीत जायचेही मला आता फारसे भय वाटत नाही. भीती आहे ती वेगळीच. त्या वेगळ्या खोलीत सध्या कोणाचे तरी बाळ आहे, मी त्याचे रडणे भिंतीतून ऐकतो. त्या दाराला ते एकटेच आहे. आणि नव्या स्विचला एकट्या निरोपाबद्दल काय शिकवले आहे, हे कोणी तपासलेले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखी यंत्रे घडवील. कोणी ती बसवील. जागा वाया घालवू नका, हे तर सगळेच सांगतील. माझी विनवणी एवढीच आहे. यंत्राला शाबासकी देण्याआधी दुपारी तीन वाजता, सगळे शांत असताना, एकाच बाळाची एकच तार काढून बघा. आईला आधी सांगा. आणि घंटी वाजेपर्यंत फोन खाली ठेवू नका.